बोरसेंच्या घराची चौकशी

मुलीच्या बापानं बैठकीत कमी बोलावं, असं म्हणतात. ज्यानं हे पहिल्यांदा म्हटलं त्याची स्वतःची एखादी सोयरीक तोंडामुळे नक्की अडचणीत आली असणार. मला तर ही सूचना आदल्या दिवशीच मिळाली होती. पुनमनं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला समोर बसवून सांगितलं, की पप्पा, उद्या ते लोक आले की तुम्ही फक्त हो-हो करा, बाकी मम्मी बघेल. मी मान डोलावली. पण मान डोलावणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं, हे इतकी वर्षं माझ्या घरात राहून तिला कळायला हवं होतं.

मी मुळात स्वस्थ बसणारा माणूस नाही. बसलो तरी माझा पाय हलत असतो, आणि पाय आवरला तर तोंड सुरू होतं. बैठकीत पाय हलवणं बरं दिसत नाही म्हणून मी तो घट्ट धरून ठेवला. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

पाहुणे दोंडाईचाचे. मुलगा स्वप्नील, इथं आमच्या जळगावातच पाइपच्या कारखान्यात इंजिनियर. मुलाचे वडील अमृत बोरसे, त्यांना सगळे नाना म्हणतात. मिरचीचे व्यापारी. बोलणं कमी, मिशी भरघोस आणि बघणं असं, की आपण पोह्यांत मीठ कमी टाकलंय हे त्यांना ताटलीकडे न बघताच समजतं. तरी सगळं छान चाललं होतं. मुलगी पसंत, मुलगा पसंत, पुढच्या रविवारी येऊन सुपारी फोडायची हेही ठरलं. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग ब्रह्मदेव आला तरी मागे फिरता येत नाही. पाहुण्यांनी चपला शोधायला सुरुवात केली, आणि तेवढ्यात नानांनी सहज विचारलं, तुमचं ऑफिस कुठे.

मी सांगितलं. नानांचा चेहराच बदलला. म्हणाले, त्याच्याच मागे आमचं घर होतं. मी लहानपणी तिथंच वाढलो. समोर लिंबाचं झाड, शेजारी पिठाची गिरणी. चाळीस-पन्नास वर्षांत पुन्हा कधी आत पाऊल टाकलं नाही. तुम्हाला माहीत असेल ना ती गल्ली?

इथे "नाही" म्हणायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण मी म्हणालो, "नाना, ती सगळी पेठ माझ्या पायाखालची आहे. अकरा वर्षं काढलीत तिथं. डोळे बांधून सोडा, कुठल्याही गल्लीतून बाहेर येईन."

"मग रविवारी सुपारीच्या आधी मला तिथं फिरवून आणा," नाना म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

आता वस्तुस्थिती. आमचं ऑफिस वजनमापांचं. दुकानदारांचे तराजू-काटे तपासून शिक्का मारायचं काम आमच्या इन्स्पेक्टरांचं. मी आत बसून टपाल बघतो. सकाळी स्कूटर फाटकातून आत, संध्याकाळी फाटकातून बाहेर. दुपारचा डबा टेबलावरच. माझ्या मागे एक खिडकी आहे, तिच्यातून म्हणे पेठ दिसते, पण कबुतरांच्या त्रासामुळे ती माझ्या आधीच्या माणसानं खिळे मारून बंद करून टाकलेली. माझी सगळी अस्वस्थता ऑफिसच्या चार भिंतींच्या आतच खर्च होते. उठायचं, माठापर्यंत जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. या हिशेबानं मी अकरा वर्षांत मुंबईला जाऊन आलो असेन, पण मागच्या गल्लीत गेलेलो नव्हतो.

पाहुणे गेल्यावर सुलक्षणा, म्हणजे आमचं कुटुंब, कपबशा उचलता उचलता म्हणाली, की मागच्या दिवाळीला मी तुम्हाला त्या पेठेतून बिबड्याचे पापड आणायला सांगितले, तर तुम्ही म्हणालात तिकडे रस्ताच नाही. पुनमनं तर सरळ सांगितलं, पप्पा, आत्ताच्या आत्ता फोन करून खरं ते सांगून टाका, ते हसतील आणि विसरतील. मी तिला समजावलं, की मुलीच्या बापानं सुपारी फुटायच्या आधी खोटं ठरायचं नसतं. आठवडा आहे हातात. पेठ ती केवढी. दुपारच्या सुटीत रोज थोडी थोडी पाठ करतो. पुनमनं सुस्कारा टाकला आणि ती गच्चीवर गेली. हल्ली रोज संध्याकाळी ती गच्चीवर जायची आणि फोनवर स्वप्नीलशी तासभर बोलायची. खाली तिचं हसणं ऐकू यायचं. आम्ही नवरा-बायको टीव्हीचा आवाज कमी करून ते ऐकत बसायचो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी ऑफिसात मी संघमित्रा मॅडमना विश्वासात घेतलं. त्या माझ्या शेजारच्या टेबलावर असतात आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मोबाइलमध्ये आहेत असं त्यांचं मत आहे. त्यांनी मला नकाशा लावून दिला. त्यातली बाई सांगेल तसं चालायचं. बाईनं मला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि शेवटी एका तुरीच्या गोदामात नेऊन "तुम्ही पोहोचला आहात" असं सांगितलं. पोत्यांवर बसलेले दोन हमाल जेवत होते. त्यांनी मला भाकरी विचारली. त्यांच्या माणुसकीला दाद देऊन मी मोबाइल खिशात टाकला आणि माणसांना विचारायचं ठरवलं.

नानांनी दोनच खुणा दिल्या होत्या. लिंब आणि गिरणी. लिंबाचा पत्ता विचारणारा माणूस वेडा दिसतो, म्हणून मी गिरणी धरली. दिसेल त्या दुकानासमोर उभा राहून विचारायचो, इथं जुनी पिठाची गिरणी कुठे आहे हो?

पेठ मात्र काय पेठ आहे. इकडे पितळी भांड्यांची ठोकाठोक, तिकडे मिरच्या कांडायचा खकाणा, मधूनच पुरणाच्या मांड्यांचं खापर तापल्याचा वास, आणि या सगळ्यातून एक गाय स्वतःच्या मालकीचा रस्ता असल्यासारखी चाललेली. मला वाटलं, अकरा वर्षं आपण भिंतीकडे पाठ करून नेमकं काय करत होतो. पण मला एक गोष्ट खटकू लागली. मी दुकानासमोर उभा राहिलो की आतला माणूस एकदम उठायचा. काउंटरवरची काहीतरी वस्तू खाली जायची. मग मला खुर्ची यायची, उसाचा रस यायचा, "साहेब बसा ना" सुरू व्हायचं. मी आपला सुखावलो. घरी जाऊन सुलक्षणाला सांगितलंही, की पेठेतल्या माणसांना माणसाची पारख आहे.

गिरणी मात्र सापडेना. पहिली गिरणी मी पोहोचेपर्यंत बंद झाली. दुसरीचं शटर माझ्या डोळ्यांदेखत खाली आलं, आत पट्टा फिरत असल्याचा आवाज येत होता तरी. तिसऱ्या गिरणीसमोर बायका डबे घेऊन उभ्या होत्या आणि मालक त्यांना सांगत होता, की आज दळण नाही, माझ्या चुलत्याची तब्येत बिघडली आहे. बुधवारपर्यंत त्या पेठेत गव्हाचं पीठ मिळेनासं झालं.

गुरुवारी साहेबांनी मला आत बोलावलं. समोर व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ बसलेलं. त्यातल्या एकानं मला बघताच मान खाली घातली. यानंच मला दोन ग्लास रस पाजला होता. साहेबांनी विचारलं, की तुम्ही कोणाच्या आदेशानं बाजारात तपासणी करता? आपल्या कार्यालयाची गिरण्यांवर धाड आहे असं सगळ्या पेठेत झालंय, आणि मलाच ते माहीत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वजनमापांच्या ऑफिसातला माणूस भरदुपारी गल्लोगल्ली गिरणी विचारत फिरतोय म्हटल्यावर ज्याचा काटा धड आहे तोही शटर ओढणारच. मला माणसाची पारख वगैरे जे वाटलं होतं ते मनातल्या मनात मागे घेतलं.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. सरकारी नोकरीत खुलासा लिहिणं ही कला आहे. त्यात खरं लिहून चालत नाही आणि खोटं लिहून भागत नाही. मी लिहिलं, "कौटुंबिक कारणास्तव एका जुन्या पिठाच्या गिरणीचा शोध घेणे क्रमप्राप्त होते." साहेबांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढून मला विचारलं, की घरी सगळं ठीक आहे ना. सोमवारपासून दुपारी फाटकाबाहेर जायचं नाही, असा तोंडी हुकूमही निघाला. म्हणजे माझ्या हातात उरला फक्त शुक्रवार.

आमच्या फाटकासमोर झुलालभाऊचं इस्त्रीचं दुकान आहे. त्याचा सल्ला मी मागितला नव्हता, पण शिष्टमंडळाची हकीकत त्याच्याकडे माझ्याही आधी पोहोचली होती. तो म्हणाला, साहेब, तुमचं चुकलं कुठं, तर तुम्ही गिरणी विचारली. घर शोधायचं असलं तर माणूस विचारायचा. नाव घ्यायचं, आडनाव घ्यायचं, ओट्यावर बसलेली म्हातारी गाठायची. आणि हे असं पँट-शर्ट इन करून नाही जायचं, डोक्यावर टोपी पाहिजे, म्हणजे कोणी घाबरत नाही.

हा सल्ला मला इतका पटला की मी त्यात कुठे खोट आहे हे बघितलंच नाही. खानदेशात माझ्या वयाच्या माणसाच्या कपाटात लग्नांमध्ये मिळालेल्या टॉवेल-टोप्यांचा एक थर असतोच. त्यातली एक काढली. शुक्रवारी शर्ट बाहेर सोडून, टोपी घालून मी पेठेत शिरलो. परिणाम अगदी उत्तम. एकाही दुकानदारानं मला ओळखलं नाही. एका गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर एक म्हाताऱ्या बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. नाव द्रौपदाबाई, हे नंतर कळलं. मी नमस्कार केला आणि विचारलं, की अक्का, इथं बोरसेंचं घर कोणतं? अमृत बोरसे. आता दोंडाईचाला असतात.

बाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. माझी टोपी बघितली, चपला बघितल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमनी आंडेर शे का आंडोर?"

मुलगी आहे की मुलगा. मी मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी माझ्या कानातली. कोणी प्रेमानं अहिराणीत विचारलं की माझं उत्तर तोंडातून आधी निघतं आणि विचार नंतर येतो. मी म्हणालो, "आंडेर शे अक्का."

झालं. टोपी घातलेला मध्यमवयीन माणूस दुपारच्या वेळी दुसऱ्याच्या गल्लीत येऊन एखाद्या घराण्याचं नाव विचारतो, याचा आमच्या मुलखात एकच अर्थ होतो. तो सोयरिकीची चौकशी करतोय. आणि चौकशीला आलेल्या माणसाला मोकळ्या हातानं परत पाठवणं कुठल्याही गल्लीला शोभत नाही. बघता बघता तीन ओट्यांवरची माणसं जमली. मला पाणी आलं, चहा आला. मी सांगत होतो, की मला नुसतं घर बघायचंय. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. बोरसे म्हणजे सोन्यासारखी माणसं, असं बायकांनी सांगितलं. पण चौकशीत भलं बोलणारा पक्ष असतो तसा मोडता घालणाराही असतो. तिथला तो मान वनाआप्पा नावाच्या गृहस्थांकडे होता. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की बघा, तुमची पोर आहे म्हणून सांगतो. त्या घरात बायकांना हसू देत नाहीत.

मी चहा अर्धा टाकून निघालो. घर कोणतं हे कोणीच सांगितलं नव्हतं.

वनाआप्पांचा एक भाचा दोंडाईचाच्या बाजारात ढेपेचं दुकान चालवतो, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी मी चप्पल काढतो न काढतो तोच नानांचा फोन आला. आमच्याकडे माणूस खरा रागावला की अगदी शुद्ध मराठी बोलू लागतो. नाना वर्तमानपत्रासारखं बोलत होते.

"गिरधरभाऊ, आम्ही तुमची मुलगी पाहिली आणि एका शब्दावर होकार दिला. तुमच्याबद्दल कोणालाही काही विचारलं नाही. आणि तुम्ही आमचं घराणं गल्लीत विचारत फिरता? आमच्या घरात बायकांना हसू देतात की नाही, याची चौकशी करता?"

माझ्याजवळ दोन वाटा होत्या. चौकशी केली म्हणून कबूल व्हायचं, म्हणजे अपमान नानांचा. नाहीतर पेठेची मला काडीची माहिती नाही म्हणून सांगायचं, म्हणजे माझा. मी कोणती निवडावी याचा विचार करत "अं... तसं नाही नाना" एवढंच म्हणत राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडानं मला दगा दिला.

"रविवारी येतो," नाना म्हणाले. "पेठ बघायची ठरलीय, ती बघू. सुपारीचं तिथंच ठरवू. फोडायची की नाही ते."

मी वळलो तर पुनम दारात उभी. फोनचा आवाज मोठाच असतो माझा. ती रागावली असती तर मी काहीतरी बोलून निभावलं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, "पप्पा, मला तो खरंच आवडतो हो." आणि आत गेली. त्या संध्याकाळी ती गच्चीवर गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी टीव्ही लावला आणि बंद केला.

शनिवारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. हॉल ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते हॉल. खालच्या मजल्यावरचे समाधानराव वर आले, त्यांच्या पंख्याचं झाकण माझ्या चालण्यानं हलत होतं म्हणे. कारण कळल्यावर मात्र ते बसूनच राहिले. त्यांचा सल्ला असा, की सगळा दोष बायकोवर ढकलावा, त्यांच्याकडे हा उपाय नेहमी लागू पडतो. सुलक्षणानं त्यांना चहा विचारला नाही. शेजारच्या प्रमिलाबाईंनी सांगितलं, की तुम्ही उलट त्यांच्यावरच रागवा, मुलाकडचे घाबरले पाहिजेत. मी दोघांचं ऐकून घेतलं आणि येरझाऱ्या चालू ठेवल्या. पोरीच्या सुखाच्या गळ्यात मी माझ्या बढाईचं लोढणं बांधलं, हे मला चालताना जास्त टोचायचं की बसल्यावर, हे काही ठरेना.

रविवारी नाना आले. सोबत फक्त स्वप्नील. घरातल्या बायका आणल्या नाहीत, ओटीचं सामान नाही, हे सुलक्षणानं गॅलरीतूनच बघितलं आणि काढून ठेवलेल्या कपबशा परत फळीवर ठेवल्या. नाना वर आलेच नाहीत. मी सुपारी आणि नारळ ठेवलेली पिशवी घेऊन खाली गेलो आणि आम्ही तिघं पेठेकडे निघालो.

मी टोपी घातली नव्हती. ती नसल्यामुळे पेठेनं मला ताबडतोब ओळखलं. आम्ही दाणाबाजाराकडून आत वळलो तशी पुढच्या चौकातली गिरणी बंद झाली. एका किराणा दुकानातून "साहेब, रस?" अशी भेदरलेली हाक आली. रविवार असूनही एक माणूस तराजू पोटाशी धरून मागच्या दारानं पळाला. नाना हे सगळं बघत होते. मग म्हणाले, की लोक तुम्हाला फारच ओळखतात. त्यात टोमणा होता की कौतुक, हे कळायला मार्ग नव्हता. स्वप्नील मागून चालत सारखा मोबाइल बघत होता.

नानांचं स्वतःचं मात्र काही ठीक नव्हतं. ते प्रत्येक वळणावर थांबायचे, वर बघायचे, पुन्हा मागे यायचे. इथं हौद होता, म्हणायचे, आणि तिथं मोबाइलचं दुकान असायचं. इथून डोंगर दिसायचा म्हणायचे, आणि समोर चार मजली पार्किंग. दोनदा त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन निरखून बघितलं. त्या माणसांनीही त्यांना निरखून बघितलं आणि रस्ता सोडला. एवढा भारदस्त माणूस, पण चालताना खांदे हळूहळू खाली येत होते. रागावलेला व्याही मला परवडला असता, हा मला बघवेना. मी आपला शुक्रवारच्या त्या गल्लीकडे त्यांना नेत राहिलो, कारण मला दुसरी कोणतीच गल्ली येत नव्हती.

ओट्यावर द्रौपदाबाई होत्याच. मी मान खाली घालून पुढे सटकायला बघत होतो, पण त्यांनी हाक मारली. मला बिनटोपीचंही त्यांनी ओळखलं. मग त्यांची नजर नानांवर गेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हाऊ तुमना मोठा भाऊ का? बरं करं लई उनात ते. सोयरीकनं काम एकलानं नही ऱ्हास."

 पहिल्या चौकशीनंतर घरातला थोरला माणूस घेऊन दुसऱ्यांदा चौकशीला यायचं, अशी आमच्याकडे रीतच आहे. बाईंना वाटलं, मी थोरल्या भावाला घेऊन आलो. ज्या बोरसेंची चौकशी, ते बोरसे समोर उभे आहेत, याची त्यांना कल्पनाच नव्हती. मी काही बोलणार तेवढ्यात नानांनी माझा हात दाबला आणि ते ओट्याची पायरी चढून बसले.

"सांगा मग अक्का," नाना म्हणाले. "बोरसे माणसं कशी होती?"

दुसरी एखादी बाई असती तर थातूरमातूर सांगून मोकळी झाली असती. पण कुणाची तरी पोर उजवतेय आणि आपल्या शब्दावर ते अडलंय, हे द्रौपदाबाईंनी फार मनावर घेतलेलं दिसलं. त्या सरसावून बसल्या.

"अमृतनी माय म्हंजे गाय व्हती. पुरा गल्लीले मांडा खावाडे. आन तो अमृत इतलासा व्हता, तिना खांदावरथून खाले उतरे नही. जराखा ताप ऊना का ती रातभर त्याना डोकाशी बसी ऱ्हाये."

नाना ऐकत होते. त्यांनी विचारलं, "फार रडायचा का तो?"

"कसाले रडी? माय जोडे व्हती ना त्यानी."

आई जवळ असताना कशाला रडेल, हे ऐकून नानांनी मान हलवली. मग त्यांनी आणखी विचारलं, आई दिसायला कशी होती, गाणं म्हणायची का, कोणत्या रंगाचं लुगडं नेसायची. बाई एकेका प्रश्नाला न अडखळता उत्तर देत गेल्या. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, दळताना गाणं. त्या खोटं बोलत असतील असं माझ्या मनातही आलं नाही. नाना उठले, वाकून त्यांच्या पाया पडले आणि चालू लागले. मी आणि स्वप्नील मागे.

कोपऱ्यावर एका बंद दुकानाच्या पायरीशी ते थांबले. रुमालानं चष्मा पुसला. आता त्यांची भाषा शुद्ध राहिलेली नव्हती.

"गिरधरभाऊ, मनी माय मी दीड वर्षना व्हतू तव्हयच गई. आठे ती कव्हय ऊनीच नही."

म्हणजे त्यांच्या आईनं या पेठेत कधी पाऊलच टाकलेलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं, की आई गेल्यावर वडिलांनी त्यांना इथं मामाच्या घरी आणून सोडलं. नऊ वर्षांचे होईपर्यंत मामीच्या हाताखाली वाढले. घर मामाचं. या पेठेत बोरसे नावाचं माणूस कधी राहिलंच नाही. "बैठकीत मी आमचं घर म्हणून सांगितलं," ते म्हणाले, "समोर व्याही बसलेले, मामाकडे पडून होतो हे सांगायला जीभ वळली नाही."

म्हणजे गल्लीतल्या बायकांनी जे भलं सांगितलं ते हवेतलं, आणि वनाआप्पांनी जो मोडता घातला तोही हवेतला. मी ज्या घराण्याची चौकशी केल्याबद्दल सोयरीक गमावणार होतो, ते घराणं तिथं नव्हतंच. मला हसू यायला हवं होतं. पण नानांकडे बघून ते आलं नाही, आणि मीही माझ्या अकरा वर्षांचं खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर ते हातानंच थांब म्हणाले.

"ती खोटं सांगत होती, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं. पण तिनं हिरवं लुगडं म्हटलं ना, आणि मला दिसलं हो ते. घरी मायचा फोटोसुद्धा नाही." त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "सुपारी आणलीय ना? मग घरी कशाला जायचं? आठे मनी मायले वळखनारं एकच मानूस शे. तिनाच ओटावर फोडूत."

स्वप्नीलनं तोवर फोन लावलाही होता. पलीकडून पुनमचा आवाज मला एवढ्या अंतरावरून ऐकू आला, आणि ती हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. ती आणि सुलक्षणा रिक्षानं येईपर्यंत आम्ही पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसलो. गल्ली जमू लागली. वनाआप्पासुद्धा आले आणि सगळ्यात पुढे बसले, जसं काही त्यांनीच जुळवून आणलं होतं. नारळ मांडला, सुपारी मांडली. द्रौपदाबाईंनी आतून कुंकवाचा करंडा आणला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, की सगळं झालं, पण पोऱ्याना बाप कोठे शे?

 नानांनी घसा साफ केला.

"मीच शे माय. अमृत बोरसे."

 मला वाटलं, आता म्हातारीला कुठे तोंड लपवू असं होईल, आणि मी तिच्यासाठी काहीतरी सांभाळून घेणारं वाक्य जुळवू लागलो. पण द्रौपदाबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि नानांच्या कपाळाला लावलं.

"मंग मी काय तुले वळखं नही का?" त्या म्हणाल्या. "पायरी चढना तव्हयच वळखं. मायनंच नाक शे तुनं."

 नानांचा हात हळूच स्वतःच्या नाकाकडे गेला आणि तिथंच राहिला. रिक्षा आली, पुनम उतरली, सुलक्षणानं मला खूण केली की मुहूर्त कशाला लांबवता, तरी त्यांचा हात खाली येईना. शेवटी सुपारी मीच फोडली.